रिपोर्टात न लिहिलेली कवडी

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी माझे अंगठे अजून नोकरीवरच आहेत. कुठं कापूस दिसला की ते आपोआप पुढं होतात. मागच्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याला गेलो, तर होणाऱ्या व्याह्यांच्या घरी गादीची शिवण जरा उसवलेली होती. बोलता बोलता मी त्यातली चिमूटभर रुई ओढली, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणली आणि "आखूड धागा आहे, फार तर बावीस मिलिमीटर" असं म्हणून मोकळा झालो. माझी बायको सुलभा तिथं काहीच बोलली नाही. घरी आल्यावर जे बोलली ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

मी कापसाचा ग्रेडर होतो. पाथर्डीजवळच्या एका जिनिंगमध्ये तीसेक वर्षं हेच काम केलं. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतातून वेचून आणलेल्या कापसात सरकी असते, म्हणजे बी. जिनिंगमध्ये यंत्रावर सरकी बाजूला काढतात आणि उरते ती रुई. ती दाबून तिच्या गाठी बांधतात आणि गाठी सूतगिरणीला जातात. शेतकऱ्याचा टेम्पो आवारात आला की त्यातला कापूस कोणत्या प्रतीचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. त्यामुळे टेम्पोवाल्याच्या दृष्टीनं ग्रेडर हा नेहमीच आंधळा असतो आणि मालकाच्या दृष्टीनं नेहमीच दयाळू.

बघायच्या गोष्टी तीन. धाग्याची लांबी, ओलावा आणि स्वच्छता. लांबी अंगठ्यांत कळते. ओलाव्यासाठी सरकी दाताखाली धरायची. कट्‌कन फुटली तर कापूस कोरडा, नुसती दबली तर ओला. एक आजोबा दरवर्षी मोहटादेवीची शपथ घेऊन सांगायचे की कापसाला पाण्याचा थेंब लागलेला नाही, आणि त्यांच्या टेम्पोच्या फाळक्यातून पाणी ठिबकत असायचं. मी खाली बोट दाखवलं की म्हणायचे, "ते इंजिनाचं हाय." इंजिन पुढं, पाणी मागं. पण आजोबा इतक्या शांतपणे म्हणायचे की मला कधी चिडता आलं नाही.

तिसरी गोष्ट स्वच्छता, आणि त्यातली सगळ्यात त्रासाची म्हणजे कवडी. बोंड किडलं किंवा पावसात भिजलं की त्यातला कापूस नीट फुलत नाही. पिवळा पडतो, घट्ट आवळून बसतो. त्याला आमच्याकडे कवडी म्हणतात. ही कवडी पांढऱ्या कापसात मिसळून यंत्रात गेली की सगळ्या रुईत पिवळे ठिपके उतरतात आणि पुढं ते सुतात जातात.

कवडी निवडायला आवारात चौदा बायका होत्या. ढिगाभोवती बसायच्या आणि हातानं काडी, पाला, सुतळीचे धागे, केस आणि कवडी वेगळी करायच्या. त्यांतली एक सरूबाई. आमच्या गर्भगिरीच्या डोंगराच्या कुशीतलं गाव तिचं, वय तेव्हा पस्तिशीच्या आसपास, बोलणं कमी. ढिगात हात घातला की न बघता कवडी तिच्या बोटाला लागायची. मी तीस वर्षं अंगठ्याचा अभिमान मिरवला, पण खरं सांगायचं तर तिची बोटं माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी तिला त्या वेळी कधी सांगितलं नाही.

सरूबाई आणि तिचा नवरा दगडू आधी ऊसतोडीला जायचे. आमच्या भागातली निम्मी घरं दिवाळीनंतर कुलपं लावून मावळतीकडं निघतात, प्रवरेच्या काठाला, कुणी त्याच्याही पुढं. ऊसतोडीत माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांतलं एक कमी झालं तर उरलेला अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. पोरंही सोबत जातात, आणि शाळा मागं राहते. सरूबाईची एकुलती मुलगी आरती पाचवीत गेली तेव्हा सरूबाईनं ठरवलं, आता जायचं नाही. ती जिनिंगला लागली, दगडू गावातच विहिरींच्या खोदकामावर जाऊ लागला. जिनिंगचा हंगाम आणि तोडीचा हंगाम एकच असतो. म्हणजे जिनिंगचं काम होतं तोवर आरतीची शाळा होती, इतकं ते सरळ होतं. मला हे सगळं माहीत होतं, ते नंतरच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवा.

डिसेंबरात शाळांच्या सहली यायच्या आणि मला भाषणाची हौस. मुलांना यंत्रापुढं उभं करून मी दरवर्षी तेच सांगायचो. पूर्वी एक माणूस दिवसभर बसला तर हातानं जेमतेम अर्धा किलो रुई मोकळी करायचा. मग सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत सरकी काढायचं यंत्र निघालं आणि पन्नास माणसांचं काम एक यंत्र करू लागलं. आपलं यंत्र वेगळ्या बांधणीचं, पण वंश तोच. "तर मुलांनो, या यंत्रानं माणसाचे कष्ट संपवले." इथं गुरुजी टाळ्या वाजवायचे.

एका वर्षी सहल गेल्यावर मी ढिगाजवळून जात होतो. सरूबाईनं हातातलं काम न थांबवता विचारलं, "भाऊ, सरकी मशीननं काढली. मग कापूस कोन वेचायचं?"

"माणसंच. वेचायचं यंत्र तेव्हा कुठलं?"

"मग पन्नास मानसांचं मशीन एकटं खातंय तर त्याच्या तोंडात घालायला येचनारी किती लागली आसतील?"

मी उभा राहिलो. वीस वर्षं तेच भाषण करत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला मात्र पडला, कारण ती वेचून, निवडून यंत्राच्या तोंडात घालणाऱ्यांपैकी होती. "बघून सांगतो," म्हणालो आणि सटकलो.

बघणार कुठं? पण आमच्या गिऱ्हाइकांत एक गर्जे सर होते. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, चार एकर कापूस लावायचे आणि सगळा कापूस एकदम न आणता दर आठवड्याला दोन-तीन पोती आणायचे. आम्हाला वाटायचं भाव बघत असतील. खरं कारण म्हणजे त्यांना बोलायला माणूस हवा असायचा. प्रत वरची लावली तरी वाद घालायचे, "कशावरून?" म्हणून. त्यांना मी सरूबाईचा प्रश्न विचारला, तर ते पोत्यावरच बसले. म्हणाले, "हा प्रश्न कुणी विचारला?" मी बोट दाखवलं. सर उठले, ढिगाजवळ गेले आणि जेवणाच्या सुट्टीत बायकांमध्ये बसून सांगू लागले. त्या जानेवारीत असं पाच-सहा वेळा झालं.

सरांनी सांगितलं ते मला आठवतं तसं लिहितो. यंत्र येण्याआधी अमेरिकेच्या आतल्या मुलखात येणाऱ्या चिकट सरकीच्या कापसाला कुणी विचारत नव्हतं, कारण सरकी काढण्यातच जीव जायचा. यंत्र आलं आणि तोच कापूस सोन्यासारखा झाला. इंग्लंडातल्या गिरण्या हवा तेवढा घ्यायला तयार. मग जो तो कापूसच लावू लागला. पण सालोसाल कापसावर कापूस घेतला की जमीन थकते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. तिकडं जमीन थकली की मळेवाले ती टाकून पश्चिमेला सरकायचे. तिथं जे मूळचे लोक राहत होते त्यांना हुसकून लावलं. काळ्या, गाळाच्या जमिनी, मोठमोठ्या नद्यांच्या काठच्या. एवढ्या जमिनीवर राबायला माणसं कुठून आणायची? आफ्रिकेतून गुलाम आणायला कायद्यानं बंदी झालेली. मग पूर्वेकडच्या जुन्या मळ्यांवर जे गुलाम होते तेच पश्चिमेला विकले जाऊ लागले. कापसाचा भाव चढला की माणसाचा भाव चढायचा. व्यापारी त्यांना साखळीत बांधून शेकडो मैल चालवत न्यायचे. आई एका मळ्यावर राहिली, पोर दुसऱ्या राज्यात गेलं, असं लाखो घरांचं झालं. आणि संध्याकाळी प्रत्येकानं वेचलेला कापूस काट्यावर घालायचे. कमी भरला तर चाबूक.

काट्याचं ऐकून मी माझ्याच काट्याकडं बघितलं. दसऱ्याला आम्ही त्याला हार घालतो, पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला टोपी-नारळ देतो. तोच काटा.

सर आणखी म्हणाले की आपल्याकडं आज जो लावतात तो बहुतेक कापूस मूळचा तिकडच्याच जातीचा, आपला जुना देशी वेगळा होता. बायका हातातल्या बोंडाकडं बघत बसल्या. एक म्हणाली, "म्हंजी आपलं बी त्यांच्यातलंच."

"तसं म्हणू नका," सर म्हणाले. "त्यांचं दुःख फार वेगळं होतं. माणूस म्हणून त्यांची मोजदादच नव्हती."

सरूबाईनं मान हलवली. "सर खरं बोलत्यात. आमी मावळतीला जातो आनि पट्टा पडला की परत येतो. त्यांना परत येनं नव्हतं." कारखान्याचा हंगाम संपला की आमच्याकडे पट्टा पडला म्हणतात. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "सर, ती पोरं फुडं आयांना सापडली का?"

सर म्हणाले, मोठं युद्ध झालं, गुलामी गेली आणि मग सुटलेली माणसं आपापल्या माणसांना शोधत निघाली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेऊन वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझ्या आईचं नाव हे, ती अमक्याच्या मळ्यावर होती, मला तमक्या गावी विकलं तेव्हा मी एवढा होतो, अंगावर अशी खूण आहे, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. वीस-वीस, तीस-तीस वर्षांनी दिलेल्या जाहिराती.

"सापडली का पर?"

"थोडी सापडली. बहुतेकांना नाही."

सरूबाईनं डबा झाकला आणि ढिगाकडं गेली. त्यानंतर मी सहलींना ते भाषण केलं नाही. सुलभा म्हणाली, बरं झालं, पाठ झालं होतं तिलासुद्धा.

इथपर्यंत मी चांगला माणूस दिसतो आहे. आता पुढचं.

त्याच हंगामाच्या शेवटी शेठजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, कापूस साफ करायचं नवं मशीन बघितलं. कापूस यंत्रावर जाण्याआधी हे मशीन त्यातला काडीकचरा झटकून काढतं. कंपनीचा इंजिनिअर चाचणीसाठी आला. शेठजी मला म्हणाले, "काळे, एक ढीग चालवून बघा आणि कचरा किती निघतो त्याचा रिपोर्ट द्या."

कोणता ढीग चालवायचा हे मीच ठरवायचं होतं. इथं मी ग्रेडरच करील अशी चूक केली. बाहेरचा माणूस आला की आपला माल चांगलाच दिसला पाहिजे, ही आमच्या हाडाची सवय. मी पहिल्या वेच्याचा, गर्जे सरांच्या शेतातला राखून ठेवलेला कापूस काढायला सांगितला. कोरडा, पांढराशुभ्र, थोडी पानं आणि काड्या. कवडी त्यात औषधालाही नाही. मशीननं काड्या आणि पाला फटाफट काढला. इंजिनिअर खूश, शेठजी खूश. मी रिपोर्ट लिहिला. कचरा किती निघाला ते अचूक लिहिलं, एक अक्षर खोटं नाही. मशीन कवडी काढू शकत नाही, केस आणि सुतळी काढू शकत नाही, त्याला माणसाची बोटंच लागतात, हे मात्र लिहिलं नाही. मला ते माहीत होतं. अगदी सही करताना माहीत होतं. पण विचारलं होतं फक्त कचऱ्याचं. आणि खोटं कशाला बोलू, नव्या मशीनबरोबर मला काचेची केबिन मिळणार होती.

पुढच्या हंगामात चौदांतल्या चारच बायकांना बोलावलं. सरूबाईला नाही. ती दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन फाटकापाशी थोडी थांबली, वॉचमननं सांगितलं तेव्हा गेली. मी केबिनच्या काचेतून बघितलं. दिवाळीनंतर तिच्या दाराला कुलूप लागलं. आरती तेव्हा दहावीला होती.

काचेच्या केबिनमध्ये उन्हाळ्यासारखं उकडायचं, हे जाता जाता सांगतो.

संक्रांतीच्या सुमाराला गिरणीकडून आमच्या गाठी परत आल्या. सुतात पिवळे ठिपके, केस, प्लॅस्टिकचे धागे. शेठजींनी मला बोलावलं. मी सांगितलं, मशीन कवडी काढत नाही.

"मग रिपोर्टात का नाही लिहिलं?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

शेठजी माझ्याकडं बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तीस वर्षं झाली, काळे," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, बायकांना परत बोलवा. सहाजणी गावातच होत्या, त्या आल्या. बाकीच्या तोडीवर गेलेल्या. मी म्हटलं, सरूबाईला मी स्वतः घेऊन येतो.

ती कुठं आहे ते तिच्या भावकीकडून कळलं. देवळाली प्रवरा गावाच्या बाजूला. मी सकाळची एसटी धरली, नगरला गाडी बदलली. तेव्हा अहमदनगर होतं, आता अहिल्यानगर. पाट्या बदलल्या, स्टँडवरची गर्दी तीच. राहुरी मागं टाकली आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. आमच्या कोरड्या तालुक्यातल्या माणसाला तो हिरवा रंग बघून नेहमी थोडं दडपायला होतं. एका शेताच्या कडेला उसाच्या वाळक्या पाचटाच्या कोप्या दिसल्या, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपड्या. विचारत विचारत फडात गेलो.

आधी मला आरती दिसली. डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा होता. मला बघून तिनं भारा खाली टाकला आणि पळत आईला सांगायला गेली. सरूबाई कोयता तसाच हातात घेऊन आली. गालावर पाचटाचे ओरखडे. ज्या बोटांनी ती कवडी निवडायची ती बोटं सुजून जाड झाली होती. मला तिथंच शरम वाटली.

दगडूनं दोन मोळ्या सरकवून मला बसायला जागा केली आणि पाण्याचा तांब्या दिला. मी सांगितलं, काम परत निघालं आहे, शेठजींनी बोलावलंय.

सरूबाईनं दगडूकडं बघितलं. मग म्हणाली, "मला न्हाई येता यायचं, भाऊ. मुकादमाशी बोली झालीया. मी आले तर ह्यो अर्धा कोयता. मधी हंगामात कोयता मोडता येत न्हाई."

ती बरोबर बोलत होती. मला हे ठाऊक असायला हवं होतं, आणि ठाऊक होतंही. मी नुसताच आलो होतो, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. मग मी ते बोललो. म्हणालो, "सरूबाई, तुमचं काम गेलं ते माझ्यामुळं. चाचणीचा ढीग मी चांगला निवडला. कवडीचं मी लिहिलं नाही."

"मला ठाव हुतं," ती म्हणाली.

"कसं?"

"तो ढीग मीच पाटीनं वाहून टाकला हुता. हात घातला तर एक कवडी लागली न्हाई. तवाच मनात आलं, भाऊंनी आसा का काढला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी आम्हाला सरांचं समदं ऐकू दिलं. मला वाटलं तुमी लिव्हाल."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुलभालाही नाही. आमच्या धंद्यात माणसं ग्रेडरला तोंडावर शिव्या घालतात, त्या सगळ्या मला पचल्या. हे एवढं पचलं नाही.

मी उठायला लागलो तर ती म्हणाली, "मला नका नेऊ. तिला न्या."

आरती आईच्या मागं उभी होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, फॉर्म शाळेनं भरलेला, पण गावात घरी कुणी नाही आणि पंधरा वर्षांच्या पोरीला एकटं कसं ठेवायचं म्हणून सोबत आणलेली. दप्तर कोपीत टांगलेलं होतं, दहावीची पुस्तकं त्यातच. दगडू म्हणाला, "भाऊंच्या घरी ठिवायची म्हंतीस? त्यांच्या मंडळींना इचारायला नगं?"

मी म्हटलं, "माझी बायको मला हजार गोष्टी नाही म्हणते. याला नाही म्हणणार नाही." हे मी अंदाजानं बोललो, पण अंदाज बरोबर निघाला.

आरती मात्र तयार होईना. "मी न्हाई जानार. आईचे हात बगा," एवढंच म्हणत राहिली. सरूबाईनं तिला जवळ घेतलं, पदरानं तिच्या तोंडावरची माती पुसली. "माजे हात माजे हायेत," म्हणाली. "तुजं तू बग."

दप्तर आणि कपड्यांची पिशवी घेऊन आम्ही बांधापर्यंत आलो. सरूबाई सोबत आली होती. तिथं ती थांबली आणि मला म्हणाली, "भाऊ, पेन हाय का? लिव्हून घ्या."

मी खिशातून ग्रेडची वही काढली.

"नाव आरती दगडू. वय पंधरा. डाव्या कोपरावर भाजल्याची खून, चुलीची. उजवीकडचा पुढचा दात जरा वाकडा. आईचं नाव सरूबाई." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "हरवली तर जाहिरात द्याला आसू द्या."

मी ते लिहून घेतलं. ज्या वहीत मी प्रत, लांबी आणि ओलावा लिहायचो त्याच वहीत. ते पान अजून माझ्याकडे आहे.

एसटीत आरती खिडकीशी बसली. ऊस संपला, मोकळी रानं सुरू झाली, तेव्हा तिनं विचारलं, "काका, आई कधी यील?" मी म्हटलं, पट्टा पडला की. तिनं मान डोलावली. तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तिला फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

पुढचे अडीच महिने ती आमच्या घरी राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. सुलभानं तिचं सगळं मनावर घेतलं, इतकं की मी सकाळी रेडिओ लावला तरी मला दटावायची, पोरगी अभ्यास करतेय म्हणून. गर्जे सर इतिहास शिकवायला यायचे आणि गणिताच्या वेळेलाही बसून राहायचे. दर रविवारी संध्याकाळी मुकादमाच्या मोबाईलवर फोन लावायचा. सरूबाई पलीकडून फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारायची, आणि आरती "व्हय" म्हणायची, आणि मग दोघी तशाच फोन धरून थांबायच्या. परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी रजा टाकली आणि केंद्राबाहेर तीन तास उभा राहिलो. त्या तीन तासांत काही उपयोगाचं केलं नाही.

जिनिंगमध्ये मी शेठजींना दुसरा रिपोर्ट दिला, न विचारता. त्यात कवडीचं, केसांचं, सुतळीचं सगळं लिहिलं, आणि निवडायला किती बायका लागतात तेही लिहिलं. ते त्यांनी मानलं. केबिनमध्ये मी दुपारचं बसणं सोडून दिलं आणि ढिगाजवळ खुर्ची टाकली. हे सांगण्यात मोठेपणा नाही. वर्षभर आधी लिहिलं असतं तर मोठेपणा होता.

पाडव्यानंतर चार दिवसांनी पट्टा पडला. आमच्याकडं तोडणीवाले परत येतात तो दिवस म्हणजे गावाला सणच असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर भांडी, कोंबड्या, शेळ्या, वाढ्यांच्या पेंढ्या, त्यावर माणसं बसलेली. मी आणि सुलभा आरतीला घेऊन तिच्या गावच्या फाट्यावर जाऊन उभे राहिलो. ऊन चांगलंच तापलं होतं. तीन ट्रॉल्या गेल्या, त्यांत ते नव्हते. आरती एकेका ट्रॉलीकडं टाचा उंचावून बघत होती. ती घाबरली आहे हे मला दिसत होतं. काही कारण नव्हतं, पण आई परत येईपर्यंत कुठल्याही मुलाला खात्री नसते. मलाही नव्हती.

चौथी ट्रॉली वळली. सरूबाई भांड्यांच्या पोत्यावर बसली होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, रस्त्याकडेच्या माणसांत बघत. तिनं आम्हाला बघितलं. ट्रॅक्टर पूर्ण थांबायच्या आतच ती उतरली आणि धडपडली, दगडूनं वरून हाक मारली तरी तिनं मागं बघितलं नाही. आरती पळत गेली. दोघी तशाच रस्त्यात उभ्या राहिल्या. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला, सुलभानं त्याला हातानं थांब म्हटलं.

बऱ्याच वेळानं सरूबाईनं मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं. डावं कोपर उलटं करून बघितलं, चुलीची खूण आहे का ते. मग माझ्याकडं वळली.

"भाऊ," ती म्हणाली, "वहीतलं नाव खोडा. सापडली."